कडेवरची सहल

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शिक्षिकांच्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. लहान मुलांना घेऊन स्वस्तात मस्त सहल, ही ठिकाणं चुकवू नका. उघडून बघावं तर पहिलंच ठिकाण वॉटर पार्क, दुसरं रिसॉर्ट आणि तिसऱ्यात म्हणे उंटावर बसवतात. स्वस्त कशाला म्हणतात ते या लिहिणाऱ्यांना कुणीतरी एकदा समजावून सांगायला हवं. आणि दोन वर्षांच्या पोराला उंटावर बसवून नेमकं काय साधतं, तेही. मी ते मेसेज वाचत नाही. या विषयातला खरा जाणकार माणूस मी जवळून पाहिला आहे. धसईचे तुळशीरामभाऊ. ते आता नाहीत, त्यामुळे मे महिन्यात मला त्यांची आठवण जरा जास्तच येते.

मी तेव्हा धसईच्या शाळेवर होते. माहेर शहापूरचं, नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर, आणि ओम नुकता चालायला लागलेला. नवऱ्याची सुट्टी म्हणजे झोप. शाळा बंद झाली की घरात मी, ओम आणि एक पंखा, आणि समोर भाताचं रिकामं शेत, ज्यात पावसापर्यंत काहीच घडत नाही. शहरातली पोरं सुट्टीत गावाला येतात. आमची आधीच गावात असतात, त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न मला फार छळायचा. शेजारच्या घरात तुळशीरामभाऊ एकटे राहायचे आणि हा प्रश्न त्यांनी माझ्या आधीच सोडवून ठेवला होता.

गावात त्यांना ठाणेकर म्हणत. ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीत उभं आयुष्य त्यांनी लिफ्टमन म्हणून काढलं होतं. राहायला जिन्याखालची खोली. नवीन लिफ्ट आली, आपली आपण चालणारी, आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. ठाण्यात त्यांना सगळे मुरबाडवाले म्हणत, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. म्हणजे हा माणूस जिथे असेल तिथे दुसरीकडचा. घरी परतले तेव्हा घर रिकामं होतं. बायको आधीच गेलेली आणि एकुलती एक मुलगी, संगीता, लग्न होऊन शहापूरला.

नोकरी गेली तरी लिफ्ट त्यांच्या अंगातून गेली नव्हती. कुठल्याही दारातून आधी सगळ्यांना आत घ्यायचे, मग स्वतः शिरायचे आणि दाराकडे तोंड करून उभे राहायचे. माझ्या घरी चहाला आले तरी तसेच. बसा म्हटलं तर बसत, पण खुर्ची दाराकडे वळवून. रस्त्यात कुणी भेटलं की विचारायचे, वर का खाली? वर म्हणजे वैशाखऱ्याकडे, माळशेजच्या अंगाला, आणि खाली म्हणजे मुरबाड, कल्याण. जग त्यांनी एवढंच सोपं करून ठेवलं होतं.

दर मे महिन्यात ते गावातल्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या आयांना, त्यांच्या कडेवरच्या पोरांसकट, एका दिवसासाठी ठाण्याला नेत. तिकीट ज्याचं त्याचं, भाकरी ज्याची त्याची, बाकी सगळं फुकट. का नेतात ते कुणी विचारलं नाही. फुकटात कुणी काही दाखवत असेल तर आमच्याकडे कारण विचारायची पद्धत नाही.

मात्र पोराला आधी परीक्षा द्यावी लागे. बाजाराच्या दिवशी ते पोराला आईच्या कडेवरून एका दुकानासमोरून न्यायला लावत, जिथे वेफर्सच्या आणि कुरमुऱ्यांच्या रंगीत माळा लटकलेल्या असत. पोराने पाकिटाकडे बोट केलं की नापास. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकान ओळखायला लागलेलं पोर शहरात नेलं की ते शहर बघत नाही, दुकानं बघतं. मग ते रडतं, आई चिडते आणि सगळ्यांचा दिवस वाया जातो. दुकान न ओळखणारं पोर मात्र काहीही बघतं आणि काहीही मागत नाही. त्यांच्या स्वस्ताईचं सगळं गुपित हे इतकंच.

ओम पास झाला, कारण त्याचं सगळं लक्ष दुकानाखाली बसलेल्या शेळीकडे होतं. माझ्यामागून आलेल्या एका बाईची मुलगी नापास झाली. ती बाई भांडायला उठली. म्हणाली, बोट पाकिटाकडं नव्हतं, पाकिटावरच्या माशीकडं होतं. भाऊंनी परत एकदा दुकानासमोरून न्यायला लावलं. मुलीने या वेळी दोन्ही हात पसरले. बाईसुद्धा हसली आणि परत गेली.

आणि शहरात काय दाखवायचं, यावर त्यांचं एक ठाम मत होतं. लहान पोराला तीनच गोष्टी लागतात, एक वर जाणारी, एक खाली येणारी आणि पाणी. लिफ्टमध्ये रडणारी पोरं गप्प बसवता बसवता हे त्यांना कळलं होतं. त्या इमारतीतल्या आया, पोर ऐकेनासं झालं की, दोन फेऱ्या मारून आणा म्हणून त्यांच्याकडे द्यायच्या. पोर जाळीच्या दारातून एकेक मजला खाली जाताना बघायचं आणि गप्प व्हायचं. अशी कितीतरी पोरं त्यांनी वर-खाली करून वाढवली होती. त्यांची नावं त्यांना तेव्हाही मजल्यांनुसार पाठ होती.

तर आमची सहल अशी असे. सकाळी धसईहून मुरबाड, तिथून कल्याण, मग ठाणं. आधी स्टेशनच्या पुलावर उभं राहून खालून जाणाऱ्या गाड्या बघायच्या. मग सिग्नलजवळच्या झाडाखाली बसून दिव्याचे रंग बदलताना बघायचे. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण ओमने लाल दिवा गेला की टाळी वाजवायची आणि हिरवा गेला की रुसायचं, असं कितीतरी वेळ केलं. मग माशांच्या दुकानाच्या काचेबाहेर. मग मॉलमधला सरकता जिना, फक्त जिना. शेवटी तलावपाळीला बाकांवर बसून भाकरी आणि होड्या. होडीत बसायचं नाही. भाऊ म्हणत, होडीत बसलं की होडी दिसत नाही.

पहिल्या वर्षी मॉलच्या दारात एक गंमत झाली. आतली फरशी अशी चकचकीत की पुढे असलेल्या बाईने चपला काढल्या. तिचं बघून मागचीने काढल्या. रांगेत शेवटी मी होते, डी.एड. झालेली बाई, माझ्याही पायातल्या कधी निघाल्या मला कळलं नाही. भाऊंनी तर सगळ्यांच्या आधी काढून भिंतीला नीट लावून ठेवल्या होत्या, कारण मालकाच्या घरात जाताना ते आयुष्यभर तसंच करत आले होते. जिन्यावर वर-खाली करून बाहेर आलो तर चपला गायब. झाडूवाल्याने कचरा समजून नेल्या, की कुणी चांगल्या समजून नेल्या, ते कळलं नाही. मेमधल्या डांबरावरून आम्ही सगळ्या सावली शोधत, उड्या मारत तलावापर्यंत गेलो. हसून हसून पोट दुखलं. कडेवरच्या पोरांना मात्र आया नाचतायत याचा इतका आनंद झाला की सहलीचा तोच सगळ्यात चांगला भाग ठरला. भाऊ एकटेच हसत नव्हते. परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले, चपला काढायच्या का ते विचारायला हवं होतं, पण इथे कुणाला विचारायचं असतं ते आता कळत नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला त्यांची इमारत दाखवायला नेलं. वाटेत सांगत होते, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आहेत, त्या पाणी देतील, पोरांना दोन फेऱ्या मारू. फाटकाशी निळ्या गणवेशातला रखवालदार होता. त्याने कुणाकडे जायचंय ते विचारलं. भाऊंनी आडनाव सांगितलं. त्या नावाचं इथे कुणी राहत नाही, तो म्हणाला. भाऊंनी दुसरं सांगितलं, मग तिसरं. तो शांतपणे नाही म्हणत गेला. माणूस वाईट नव्हता, पोरांना उन्हात बघून त्याने आम्हाला फाटकाच्या सावलीत उभं राहू दिलं. भाऊ बाहेरूनच बोट करून सांगत राहिले, त्या खिडकीत अमका होता, त्याला अंधाराची भीती वाटायची, या खिडकीत तमकी, तिचं पहिलं बोलणं लिफ्टमध्ये झालं. आम्ही बघत होतो. त्या खिडक्यांना सगळीकडे एकसारख्या काचा होत्या आणि त्या बंद होत्या. मग ते म्हणाले, चला, आत काय बघण्यासारखं नाय.

त्या दिवशी तलावावर त्यांनी त्यांचा नेहमीचा विनोद सांगितला. संगीता दीड-दोन वर्षांची असताना ते शिमग्याला घरी गेले होते. तिला घ्यायला हात पुढे केले तर ती किंचाळून आईच्या पाठीमागे गेली आणि दोन दिवसांनी तिने आईला हळूच विचारलं, आये, हा पावणा कवा जायाचा? हा विनोद ते दर सहलीला सांगत. सांगताना स्वतः हसत. मीही आधी हसले होते. त्या दिवशी मी इकडेतिकडे बघितलं तर कुणीच हसत नव्हतं. सगळ्या आपापली पोरं चाचपत होत्या.

तेव्हा मला ही सहल कशासाठी आहे ते थोडं कळलं. पुढचं त्यांनीच सांगितलं. संगीताची मुलगी, आरोही, त्यांनी दोनदाच पाहिली होती, तीही माणसांच्या घोळक्यात. शहापूर काही लांब नाही. पण जावई मोबाईलच्या दुकानात, मुलगी कामात, फोन केला तर दोन वाक्यांत बरं, ठेवते. ते दर वर्षी म्हणायचे, पुढल्या सहलीला आमची आरोही येणार. आणि दर वर्षी ती थोडी मोठी होत होती. गावातल्या सगळ्यांच्या पोरांना शहर दाखवणाऱ्या या माणसाला एकच पोर कडेवर घेऊन एकदा ठाण्याला जायचं होतं, आणि ते वय निघून चाललं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी माहेरी निघाले होते, तेव्हा त्यांनी मला निरोप दिला. स्वतः जायची त्यांची छाती होत नव्हती. मी जावयाच्या दुकानात गेले. संगीता वरच्या खोलीतून खाली आली, चहा केला, ऐकून घेतलं. तिच्या बोलण्यात मला कडवटपणा सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

"मला राग नाय बाई त्यांचा," ती म्हणाली. "राग यायला माणूस वळखीचा लागतो."

मी कप खाली ठेवला. मग तीच म्हणाली, एक दिवसाचं काय, येईन मी, आरोहीला पण बदल होईल. आरोही गल्ल्यामागे स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना फोनची कव्हरं दाखवत होती, कुठलं महाग आणि कुठलं स्वस्त हेही सांगत होती. साडेतीन वर्षांची असेल. परत आल्यावर भाऊंनी आनंदाच्या भरात पहिलं हेच विचारलं, दुकान वळखते का? मी म्हटलं, भाऊ, ती दुकानातच राहते. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, घरची एक चालंल.

आता यात एक गोष्ट होती. शहापूरच्या माणसाला ठाण्याला जायचं तर आसनगावला गाडीत बसावं आणि सरळ ठाण्याला उतरावं. संगीताही तेच म्हणत होती. पण भाऊंनी हट्ट धरला की तिने मुरबाडला यावं, सहल तिथून निघते, सगळ्यांनी बरोबर जायचं. खरं कारण मला माहीत होतं. ठाण्याला भेटलं तर आरोहीच्या सोबतीचे कितीतरी तास कमी झाले असते. आरोहीला एस.टी. लागते, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकरवी निरोप धाडला की डॉक्टरकडून उलटीचं औषध आणून दे, म्हणजे पोरीला त्रास होणार नाही.

मुरबाडच्या स्टँडवर आम्ही सगळ्या थांबलो होतो. शहापूरची गाडी आली. भाऊंनी त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. गाडीच्या दाराशी ते गेले नाहीत, थोडे बाजूला, भलतीकडे बघत उभे राहिले. अनोळखी पोराच्या समोर जाऊन हात पसरायचे नाहीत, ते आपण होऊन येतं, हा त्यांचा नियम होता. पण आरोही आपण होऊन येण्यासारखी नव्हती. ती आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. वाटेत पहिलं औषध ओकून पडलं म्हणून संगीताने परत दिलं होतं, आणि त्या औषधाने आधीच गुंगी येते. एका हातात पिशवी, एका खांद्यावर पोर, पायरी उंच. संगीताने इकडेतिकडे बघितलं आणि सगळ्यात जवळ जो होता त्याच्या खांद्यावर पोरगी ठेवली. ते भाऊ होते.

आम्ही कल्याणला पोचलो, ती झोपलेली. ठाण्याला उतरलो, ती झोपलेली. पुलावर गाड्या धडधडत गेल्या तरी तिने नुसती मान या बाजूची त्या बाजूला केली. मला जरा काळजी वाटली म्हणून मी तिला हाक मारली. तिने डोळे उघडले, दोन घोट पाणी प्यायली, भाऊंच्या मानेत तोंड खुपसलं आणि परत झोपली. संगीता तिला हलवून उठवायला लागली तर भाऊंनी पाठ वळवली. म्हणाले, झोपू दे. तिला नको, तुमी बाकीच्यांनी बघा.

त्या वर्षी सहल आमची आम्हीच केली. सिग्नल आम्ही बघितला, मासे आम्ही बघितले, जिन्यावर आम्ही गेलो, चपला घालून. भाऊ तलावाच्या बाकावर बसून राहिले. परत आलो तेव्हा ते ज्या बाजूला टेकून बसले होते त्याच बाजूला होते. ऊन सरकून त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण ते हलले नव्हते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला संगीता. मधे पिशवी. मी ओमला भरवायला शेजारच्या बाकावर बसले, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

संगीताने विचारलं, तुमची बिल्डिंग कुठंय? तिने ती कधीच पाहिली नव्हती. लहानपणी कुणी तिला इथे आणलंच नव्हतं. भाऊ म्हणाले, जवळच आहे, पण ही उठंल. आणि उठले नाहीत. इमारतीत आता काय उरलंय ते मला ठाऊक होतं, मी ओमला पुढचा घास दिला. मग दोघं होड्या बघत राहिले.

"तू अशी कवा झोपली नायस माझ्या अंगावर," भाऊ म्हणाले.

"तुमी कवा थांबलाव झोपंस्तवर," संगीता म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. मग म्हणाली, तिला द्या माझ्याकडं, हात भरला असंल. ते म्हणाले, राहू दे.

परतताना आम्ही सगळ्यांनीच कसाऱ्याची गाडी पकडली. दुपारची वेळ, बसायला जागा होती. आम्ही कल्याणला उतरून मुरबाडची एस.टी. धरायची आणि संगीताने तसंच बसून आसनगावला उतरायचं, असं ठरलं. भाऊ खिडकीशी बसले होते, पोरगी तशीच खांद्यावर. कल्याण जवळ आलं तशा आम्ही पोरं आणि पिशव्या गोळा करून दाराशी गेलो. भाऊ उठले. तेव्हा संगीता म्हणाली,

"बाबा, शहापूरपर्यंत चला ना. आज ऱ्हावा आमच्याकडं."

मी दारातून वळून बघितलं. या एका वाक्यासाठी तो माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं फिरवत होता. मी मोठ्याने म्हटलं, भाऊ, तुम्ही जा, आम्ही जाऊ आमच्या आम्ही. बाकीच्याही तेच म्हणाल्या. आम्हाला वाट माहीत होती, दिवस लख्ख होता, कुणाचं काही अडत नव्हतं.

भाऊंनी आमच्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, मग संगीताकडे. त्यांना जावंसं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण गाडी थांबत आली आणि दार समोर दिसलं. सगळ्यांना नीट बाहेर काढल्याशिवाय स्वतःचं काही करायचं नाही, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं होतं की तिथे दुसरं काही शिरू शकलं नाही.

"मी आणलीत यांना," ते म्हणाले. "मलाच पोचवायला लागतील. येईन नंतर."

संगीताने बरं म्हटलं. पोरगी घेतली. आरोहीने झोपेतच आईच्या गळ्यात हात टाकला. भाऊ उतरले आणि गाडी सुटली. संगीता खिडकीतून बघत होती, पण हात हलवायला तिचा हात मोकळा नव्हता. आरोहीने दिवसभरात ठाणं पाहिलं नाही आणि आजोबाही पाहिले नाहीत.

मला त्यांचा राग आला होता, तो अजून थोडा शिल्लक आहे. जूनमध्ये माझी बदली झाली आणि धसई सुटली. ते नंतर गेले नाहीत शहापूरला. जायचं म्हणत होते असं कळलं, आणि थंडीत ते वारल्याचंही फोनवरच कळलं. त्यामुळे मला दिसतात ते त्या दिवशीचे, कल्याणच्या फलाटावरचे.

गाडी गेली तरी त्यांचा डावा हात कोपरात वाकलेलाच होता, छातीशी धरलेला, पोर असावं तसा. बाया पुढे निघाल्या होत्या. मी म्हटलं, भाऊ, हात अवघडलाय, जरा झटका, चोळून देऊ का?

"मुंग्या आल्यात," ते म्हणाले. "राहू द्या बाई. त्या उतरल्या की हात रिकामा वाटंल."

मग ते पुढे होऊन आम्हाला जिन्याकडे घेऊन गेले, हात तसाच ठेवून.